करांद्याचं कूळ

मास्तरांशी माझं पहिलंच बोलणं बटाट्यावरून फिसकटलं. चौलच्या बाजूला तीन-चार वर्षांपूर्वी निघालेल्या एका हायस्कुलात मी ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो आणि त्याच संध्याकाळी काकींच्या घरी वळकटी टाकली. काकींकडे दोन मास्तरांची राहण्या-जेवण्याची सोय होती. एक जागा मला मिळाली. दुसऱ्या जागेवर हे गृहस्थ तीन वर्षं ठाण मांडून होते. पानावर बसल्यावर त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. बटाट्याची एक फोड बोटांत धरून एवढंच विचारलं, "हे काय आहे?"

"बटाट्याची भाजी," मी म्हणालो.

"मूळ आहे, खोड आहे, की फळ आहे?"

"मूळ." जमिनीतून निघतं ते मूळ, अशी माझी तोवरची समजूत होती.

त्यांनी फोड तोंडात टाकली आणि पुढे दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या उशाशी मोड आलेला एक बटाटा ठेवलेला होता. प्रत्येक मोडापाशी शाईने बारीक बाण काढला होता आणि खाली चिठ्ठी होती : 'डोळे आहेत. मुळाला डोळे नसतात, खोडाला असतात. विचार करावा.'

मी विचार केला. मला ते पटलंसुद्धा. पण चोविसाव्या वर्षी उशाशी बटाटा ठेवून घ्यायला कुणाला आवडतं?

तसे शाळेत आम्ही सगळेच मास्तर होतो. पण नुसतं 'मास्तर' म्हटलं की पोरं, गडी, बाजारातले लोक, सगळे त्यांनाच धरून चालत. ते शास्त्र शिकवायचे, आणि शास्त्र म्हणजे वनस्पती. प्राणी, चुंबक, वाफेचं इंजिन वगैरे प्रकरणं ते फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात उरकून टाकत. उंच, वाळके, अंगात बाराही महिने एकच करडा कोट. कोटाच्या खिशात भिंग, चाकू आणि टीपकागद. ते मूळचे कुठले, घरी कोण आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. 'फूल पाहिल्याशिवाय कूळ सांगू नये' हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. स्वतःच्या बाबतीतही ते तेच पाळत असावेत.

जेवताना त्यांचा एक नेम होता. पानात वाढलेल्या प्रत्येक पदार्थाची झडती झाल्याशिवाय ते घास घेत नसत. "मुळा, मूळ. आलं, खोड. अळू, पान. शेवग्याची फुलं, फूल. वांगं, फळ. डाळ, बी. आज सहाही आहेत, उत्तम." ज्या दिवशी सहांपैकी एखादं अंग नसे त्या दिवशी ते जेवत, पण काहीतरी हरवल्यासारखे. काकींना हे ठाऊक होतं. कुठे काही कमी पडलं तर त्या पानाच्या कडेला मुळ्याची एक चकती नाहीतर कढीलिंबाचं एक पान ठेवून द्यायच्या. मास्तर ते मोजून घेत आणि खुलत.

वर्गातली हजेरीही ते पानांवर घेत. प्रत्येक मुलाने रोज एक पान आणायचं, नाव पुकारलं की 'हजर' न म्हणता ते वर धरायचं आणि शिरा जाळीदार की सरळ ते सांगायचं. एकाच झाडाचं पान दुसऱ्यांदा चालत नसे. जून-जुलै बरा जायचा. सप्टेंबरात चौल, रेवदंडा आणि मधल्या सगळ्या वाड्यांतली झाडं संपून जात आणि पोरं पानासाठी डोंगरावर चढत. एकदा माघात एका मुलाने नातेवाइकांकडे लग्नाला म्हणून दिघीला जाऊन तिथून एक पान आणलं. मास्तरांनी त्याला पुढे बोलावून पाठ थोपटली आणि लग्नाच्या चार दिवसांच्या गैरहजेरीबद्दल एक शब्द काढला नाही.

मला त्यांनी माफ केलं ते माझ्या पेन्सिलीमुळे. त्यांना स्वतःला सरळ रेघसुद्धा काढता यायची नाही. वाळवलेल्या नमुन्यांचे गठ्ठे त्यांच्या खाटेखाली होते. प्रत्येक नमुन्याशेजारी फुलाचं मोठं करून काढलेलं चित्र हवं, असा त्यांचा हट्ट. मी रविवारी भिंग डोळ्याला लावून बसायचो आणि ते मागे उभे राहायचे. "पान देखणं काढलंत. पण शिरा खोट्या आहेत." "सावली कशाला? सावली झाडाची नसते, उन्हाची असते." एकदा कुंपणावरच्या करांद्याची फुलं काढायला त्यांनी मला दोन रविवार बसवलं. करांदा म्हणजे बदामाच्या आकाराच्या मोठ्या पानांचा रानवेल. पानांच्या बेचक्यांत त्याला खडबडीत कंद लटकतात, ते उकडून खातात. त्याची फुलं वीतभर लांब दोऱ्यासारखी लोंबतात आणि एकेक फूल मोहरीएवढं. त्या मोहरीत पाकळ्यांसारखे सहा भाग, तीन-तीनच्या दोन ओळी. डोळे दुखून आले, पण चित्र झकास उतरलं. त्यांनी ते पाहून नुसती मान हलवली. ती मला चित्रकलेच्या परीक्षेतल्या बक्षिसापेक्षा मोठी वाटली, हे कबूल करायला आता हरकत नाही.

खोटं बोलणं त्यांना येत नव्हतं. हा गुण मी आदराने सांगत नाही, त्याचा उपद्रव फार होता. शाळेच्या तपासणीला इन्स्पेक्टर येणार म्हणून फाटकाच्या दोन बाजूंना दोन केळी बांधल्या होत्या. इन्स्पेक्टर साहेब आत शिरता शिरता सहज म्हणाले, "वा, केळीची झाडं छान लावलीत!" हेडमास्तर हसले. आम्ही सगळे हसलो. मास्तर पुढे होऊन म्हणाले, "झाडं नाहीत ही."

"मग काय आहे?" साहेबांनी गमतीने विचारलं.

मास्तरांनी चाकू काढला. पुढची वीस मिनिटं ते एक केळ सोपट सोपट करून सोलत होते. "हे पान. हाही पानाचाच देठ. हासुद्धा. याला खोड कुठे आहे, दाखवा. खरं खोड जमिनीत राहिलं, ते तुम्ही खणलंच नाहीत." शेवटी हातात करंगळीएवढा पांढरा कोंब राहिला आणि फाटक एका बाजूने उघडं पडलं. साहेबांनी शेऱ्यात 'शास्त्र विषय प्रात्यक्षिकासह शिकवला जातो' असं लिहिलं. हेडमास्तर मात्र दिवाळीपर्यंत मास्तरांशी चिठ्ठीवरून बोलत होते.

आता काकी. वय पन्नाशीच्या आसपास. नवरा मुंबईला गोदीत होता, तो तिथेच वारला. त्यानंतर पंधरा वर्षं नारळी-पोफळीची वाडी त्या एकट्या पाहत होत्या. रहाटाचा बैल त्यांचं ऐकायचा, माडावर चढणारे गडी ऐकायचे, सुपारीचे व्यापारी तर जरा जास्तच ऐकायचे. एकुलता एक मुलगा दत्ता मुंबईत गिरणीत लागला होता. त्याच्या छातीत क्षय निघाला. त्याला घाटावरच्या सॅनिटोरियममध्ये ठेवला. मी आल्याच्या दुसऱ्या वर्षी जूनमध्ये पत्र आलं, की दसऱ्यानंतर फुप्फुसाचं ऑपरेशन करावं लागेल.

काकींनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग देवापुढे जाऊन नवस बोलल्या. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत अन्नाला शिवणार नाही, फराळावर राहीन, दत्ता चालत घरी यावा. शिवाय चातुर्मासाचे नेहमीचे नियम होतेच. कांदा, लसूण, वांगं बंद. श्रावणात पालेभाजी नाही, भाद्रपदात दही नाही, आश्विनात दूध नाही.

मला, खरं सांगायचं तर, त्यात फार कठीण काही वाटलं नाही. काकींच्या हातचा फराळ जेवणाहून सरस असायचा. आषाढीला आमच्याही पानात भगर, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस असा थाट होता. मी हात मारायला सुरुवात केली. मास्तरांनी भगरीचे चार दाणे तळहातावर घेऊन भिंगाखाली धरले आणि आनंदाने म्हणाले, "काकी, हे तर भाताचं सख्खं भावंड!"

काकींचा डाव हवेतच राहिला. "म्हंजे?"

एवढं पुरे होतं. मास्तर उठले, खाटेखालचा गठ्ठा उपसला, भाताचा आणि वरईचा असे दोन वाळके नमुने शेजारी शेजारी मांडले. खोडाला वेढून बसलेलं पान, सरळ धावणाऱ्या शिरा, टोकाला लोंब्या. दोन्ही गवतं, दोघांचं कूळ एक. काकींनी बोट फिरवून सगळं पाहिलं. दुसऱ्या दिवशी भगरीचा डबा शेजारणीकडे गेला.

"भात चालत न्हाय, तर भाताचं भावंड कसं चालंल?" त्या मला म्हणाल्या. मी हसलो. आणि पुढचे कितीतरी दिवस मी हसतच होतो, हेही इथे सांगायला हवं.

मग रोज संध्याकाळी काकी सुपात एकेक जिन्नस घेऊन ओट्यावर यायला लागल्या. "मास्तर, दान्याचं कूळ सांगा."

शेंगदाणा तुरीच्या कुळातला निघाला. डाळ चालत नाही, म्हणून शेंगदाणा सुटला. राजगिरा माठाच्या कुळातला निघाला आणि श्रावणात पालेभाजी वर्ज्य, म्हणून तो सुटला. बटाट्याच्या वेळी मास्तरांनी घाटावरून आणून वाळवलेलं बटाट्याचं फूल काढलं आणि परसातल्या वांग्याचं ताजं फूल त्याच्याशेजारी ठेवलं. पाच टोकांची तीच चांदणी, मधे तीच पिवळी चोच. काकींनी स्वतःच मान डोलावली. "बहिनीबहिनी हायेत," त्या म्हणाल्या, आणि बटाटाही गेला.

मास्तरांना यात काही वावगं दिसत नव्हतं, आणि त्याचं कारण मला कळत होतं. ते खूश होते. "दहा वर्षं शिकवतोय," ते मला म्हणाले, "पण ऐकलेलं घरी नेऊन वापरणारं माणूस पहिल्यांदा भेटलं." काकींना लिहितावाचता येत नव्हतं, पण पंधरा दिवसांत त्या फूल फोडून पाकळ्या मोजायला लागल्या. संध्याकाळ झाली की मास्तर कोट झटकून ओट्यावर येऊन बसत आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहत.

गोकुळाष्टमीच्या सुमाराला फराळात रताळी, साबुदाणा, केळी, नारळ आणि दूध एवढं उरलं होतं. त्या संध्याकाळी काकी रिकाम्या हाताने आल्या.

"मास्तर, ह्या सगळ्या कुळांच्या वर काय असतंय?"

असा प्रश्न त्यांना आजवर कुणीच विचारला नव्हता. त्यांनी कोळसा मागवला आणि ओट्यावर मधोमध एक उभी रेघ ओढली. फुलणाऱ्या सगळ्या वनस्पतींचे दोन वर्ग. या बाजूला ज्यांच्या बीला एकच दल : पानांच्या शिरा सरळ, मुळांचा झुबका, फुलाचे भाग तीन-तीन. त्या बाजूला ज्यांच्या बीची दोन दलं होतात : शिरांची जाळी, एक सोटमूळ, फुलाचे भाग चार-चार, पाच-पाच. पहिल्या बाजूला सगळ्यात वर त्यांनी भाताचं रोप काढलं. म्हणजे काढायला मला सांगितलं. दुसऱ्या बाजूला तुरीचं.

काकी बराच वेळ बघत बसल्या. "म्हंजे एका बाजूला भात, आनि एका बाजूला डाळ."

"अगदी बरोबर!" मास्तर म्हणाले.

"आनि मधे कोन न्हाय?"

"कोणी नाही," मास्तर अभिमानाने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी केळीचं पान हातात धरून अंगणात उभ्या होत्या. त्यांनी ते उन्हाकडे धरून पाहिलं. मग माडाकडे मान वर करून पाहिलं. रताळ्याचा वेल आणून त्याच्या शिरांवरून नख फिरवलं. कुणाला काही विचारलं नाही. केळ, नारळ भाताच्या बाजूला गेले, रताळी डाळीच्या; साबुदाणा ज्या कंदाचा करतात त्याच्या पानालाही जाळीच असते, हे मास्तर आधीच सांगून बसले होते, म्हणून तोही तिकडेच गेला. त्या दिवसापासून काकी निव्वळ दुधावर राहिल्या.

आता मी हसायचा थांबलो. काकींनी काम मात्र कमी केलं नव्हतं. माडाखालची झावळं ओढायची, गाईचं करायचं, आम्हा दोघांचं रांधायचं. भाद्रपदात त्या पाण्याची घागर उचलताना मधेच टेकू लागल्या. चोळीच्या बाह्या दंडावर सैल लोंबायला लागल्या. मास्तरांनी बाजू सावरून पाहिली.

"काकी, नातं आहे हे खरं, पण फार लांबचं आहे. केळ आणि भात म्हणजे चुलत, चुलत, चुलत."

"लांबच्या चुलत्याचंबी सुतक धरतोच का न्हाय आपन?" काकी म्हणाल्या.

मी गावच्या भटजींना बोलावलं. त्यांनी केळ, नारळ, रताळं, सगळं शास्त्राला मान्य आहे असं ठणकावून सांगितलं. काकींनी त्यांना दक्षिणा दिली, नमस्कार केला, आणि ते गेल्यावर मला म्हणाल्या, "भटजींनी फूल फोडून बघितलंय का कदी?"

मग रेवदंड्याहून डॉक्टर आणले. त्यांनी नाडी बघितली, पापण्या खाली ओढून डोळे बघितले आणि आम्हा दोघांना फाटकापर्यंत घेऊन गेले. "दुधावर निभतंय कसंबसं. ते सुटलं, तर दिवाळी दिसायची नाही यांना."

आश्विनाला आठ दिवस होते.

त्या संध्याकाळी मला मास्तरांचा संताप आला. मी म्हणालो, "एक बाई तुमच्या शिरांपायी आणि पाकळ्यांपायी मरायला टेकली आहे."

"मी खोटं काय सांगितलं?" त्यांनी विचारलं. खरोखरच विचारलं.

"काहीच नाही. तेच तर म्हणतोय मी."

त्यांना एकच धास्ती होती, ती त्यांनी मला हळू आवाजात सांगितली : गाय गवत खाते, हे काकींच्या लक्षात येऊ नये. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी पानातल्या एकाही पदार्थाचं नाव घेतलं नाही. खाली मान घालून भराभर जेवले आणि उठले. त्यांना ओळखायला लागल्यापासून मला पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा.

घटस्थापनेला काकींनी दूध सोडलं. दोन दिवस तुळशीचं पाणी घेऊन त्या माजघरात भिंतीला टेकून बसल्या. दत्ताचं ऑपरेशन नऊ-दहा दिवसांवर आलं होतं आणि त्याआधी नवस मोडायला त्या तयार नव्हत्या. चुलीशी शेजारीण यायची. तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर वाडीतून आले ते कोटाचा खिसा फुगवून. काकींसमोर मांडी घालून बसले आणि खिशातून चार करांदे काढून जमिनीवर ठेवले. लिंबाएवढेच होते, अजून पुरते भरले नव्हते. सोबत वेलाचं एक पान होतं.

"काकी, त्या दिवशी तुम्ही विचारलंत, मधे कोणी आहे का. मी नाही म्हणालो. माझं चुकलं. एक आहे."

काकींनी डोळे उघडले.

"हे पान बघा. मोठ्या शिरा सरळ टोकाला जातात, म्हणजे भाताच्या बाजूच्या. पण मधे जाळी आहे, म्हणजे डाळीच्या. पानावरून काही ठरत नाही. आता हा करांदा. हा मूळ नव्हे, हवेत लटकतो. फळ नव्हे, आत बी नाही. मग ठरवायचं कशावरून? फुलावरून." इथे ते थांबले. त्यांचे कान लाल झाले होते. "आणि करांद्याला फूल येत नाही."

मी दारात उभा होतो. दोन रविवार, मोहरीएवढं फूल, सहा भाग, तीन-तीनच्या दोन ओळी. माझे डोळे तेव्हा चार दिवस चुरचुरत होते.

"फूल नाही, म्हणून कूळ नाही. कूळ नाही, म्हणून भाताशी नातं नाही आणि डाळीशीही नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. "हवं तर ड्रॉइंग मास्तरांना विचारा. यांनी चित्र काढलंय."

काकींनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय? फूल न्हाय येत?"

"नाही," मी म्हणालो. "नुसता वेल काढला होता मी."

काकी कितीतरी वेळ मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उकडताना चिमूटभर राख घालायला सांगा. कडू असतंय ते." शेजारणीने करांदे उकडून, सोलून, मीठ लावून आणले. पहिला करांदा खायला त्यांना पाव तास लागला. मग त्यांनी दुसरा घेतला. मास्तर उठून परसात गेले आणि बऱ्याच वेळाने तोंड धुऊन आले.

त्यानंतर कार्तिकीपर्यंत मी एक नवी गोष्ट पाहिली. उजाडायच्या सुमाराला मास्तर कुंपणाशी उभे असायचे. आश्विन म्हणजे करांद्याला फुलं येण्याचे दिवस. ती लोंबती दोरी दिसली की ते खुडत आणि खिशात कोंबत. ज्या माणसाने पूजेला जास्वंद तोडली म्हणून हेडमास्तरांच्या सासूबाईंना सुनावलं होतं, तो माणूस वेलाची फुलं चोरासारखा खुडत होता. आमच्या कुंपणाचं झालं की ते शेजारच्या वाडीच्या कुंपणाला जात, काकींची नजर तिथवर पोचेल म्हणून. मी त्यांना दिसलो तरी ते काही बोलत नसत. एकदा मीही उंचावरच्या दोन दोऱ्या काढून दिल्या.

दत्ताचं ऑपरेशन नीट पार पडलं. कार्तिकीच्या दुसऱ्या दिवशी काकींनी भाताने व्रत सोडलं. मार्गशीर्षात दत्ता एसटीतून उतरून सावकाश, पण स्वतःच्या पायांनी, घरापर्यंत चालत आला. मी काकींना रडताना त्याच दिवशी पाहिलं. मास्तर त्या दिवशी वाडीच्या पार टोकाला जाऊन बसले होते.

मास्तर नंतर पूर्वीसारखे राहिले नाहीत. पानांची हजेरी बंद झाली. वर्गात ते मधेच अडखळत, पुस्तक उघडून खात्री करून घेत. खाटेखालच्या गठ्ठ्यांतून करांद्याचा नमुना, माझ्या चित्रासकट, नाहीसा झाला होता. मे महिन्यात त्यांनी दिघीकडच्या एका शाळेत जागा मिळवली आणि ते निघून गेले. जाताना काकींच्या पाया पडले. काकी त्यांच्याहून फार मोठ्या नव्हत्या, त्यामुळे सगळ्यांचीच पंचाईत झाली.

पुढच्या आश्विनात मला त्यांचं कार्ड आलं. अक्षर तेच, शाईही बटाट्यावर बाण काढणारीच :

'करांदा : फूल येते. नर व मादी फुले निरनिराळ्या वेलांवर. पाकळ्यांसारखे भाग सहा, तीन-तीनच्या दोन ओळी. एकदल, म्हणजे भाताच्या बाजूचा. गतवर्षी सांगताना माझ्याकडून चूक झाली. दत्ताची प्रकृती पूर्ण सुधारली असल्यास, आणि असल्यासच, ही दुरुस्ती काकींना वाचून दाखवावी. नसल्यास कार्ड फाडून टाकावे.'

दत्ता त्या वेळी अंगणात बसून रहाटाची गाडग्यांची माळ दुरुस्त करत होता आणि बैलाला शिव्या घालत होता. प्रकृतीची शंका नव्हती. मी ओट्यावर काकींना कार्ड वाचून दाखवलं आणि मान वर न करता तसाच बसून राहिलो. त्या खोट्यात माझाही वाटा होता.

"एवढंच व्हय?" काकी म्हणाल्या. "लगीन होऊन आले तवापास्नं तो वेल त्या कुंपनावर हाय. त्याला फूल येतंय का न्हाय, ते मला ठाव नसंल?"

मी मान वर केली. "मग तुम्ही करांदे खाल्लेत कसे?"

"मास्तर खोटं बोलले म्हनून." त्यांनी सुपातले तांदूळ जरा पुढे लोटले. "त्या मानसानं इनस्पेक्टराच्या तोंडावर खरं सांगितलं. नोकरीची पर्वा केली न्हाय. तो माज्यापुढं बसून, कान लाल करून, खोटं बोलाय लागला. तवा माज्या ध्यानात आलं, की मी खरंच मरतेय. तोवर मला तसं वाटलं नव्हतं. आनि मी मेले, तर दत्ता चालत यील तो कुनाच्या घरी?"

"आणि नवस?"

"ते मी देवाशी बोलून घेतलं. म्हटलं, पाप असंल तर माजं. मास्तरांच्या माथी मारू नको. तो रोज पहाटे थंडीत उभा राहून फुलं खुडतोय, ते तूबी बघतोयस आनि मीबी बघतेय."

अंगणात दत्ता बैलावर पुन्हा ओरडला.

"उत्तर लिवा त्यास्नी," काकी म्हणाल्या. "दुरुस्ती पोचली म्हनावं. करांदे भरलेत, येऊन खाऊन जावा. आनि पानावर बसल्यावर कूळ सांगू नका, म्हनावं."

मी तसं लिहिलं. शेवटचं वाक्य तेवढं गाळलं. ते त्यांना जमलं नसतं.